बाबाची लांब शिट्टी

ऑगस्ट म्हणजे थंडीचा शेवट, असं आमचं दक्षिण गोलार्धातलं कॅलेंडर म्हणतं. मोनारोच्या माळाला हे अजून कुणी कळवलेलं नाही. आमच्या मेंढ्या नेमक्या त्याच महिन्यात व्यायला लागतात, आणि कोल्ह्यांना मात्र ते बरोबर कळतं.

त्या वर्षी माझी हेटी चार महिन्यांची होती, तिचा बाप पश्चिमेकडच्या खाणीवर होता, आणि मी माहेरी आले होते. मदतीला आलेय, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला रात्रीची सोबत हवी होती. तान्हं मूल घेऊन एकटीनं जागणं आणि भरल्या घरात जागणं यांत फार फरक असतो. मेंढ्या वीत असल्या की आमच्याकडे रात्रभर कुणी ना कुणी जागं असतंच. स्वयंपाकघरातली चूल विझत नाही, किटली थंड होत नाही, आणि चुलीशेजारच्या खोक्यात आई नसलेलं एखादं कोकरू टॉवेलात गुंडाळलेलं असतं. आई एका हातानं त्याला बाटली लावायची आणि दुसऱ्या हातानं हेटीचा पाळणा हलवायची. "दोघांत शहाणं कोण ते विचारू नकोस," असं मला बजावायची.

फक्त एक गोष्ट बदलली होती. बाबा बाहेर जात नव्हता.

आदल्या उन्हाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, हात बऱ्यापैकी सुधारला, पण तोंडाची डावी बाजू खाली ओघळली ती तशीच राहिली. बोलणं समजायचं, थोडा वेळ लागायचा इतकंच. चहा मात्र त्या कोपऱ्यातून सांडायचा, म्हणून तो आमच्याकडे पाठ करून प्यायचा. आणि शिट्टी गेली. दोन बोटं तोंडात घालून मारायची ती लांब, सरळ शिट्टी, जी तळ्यापलीकडच्या टेकडीवर आपटून परत यायची. आता नुसती हवा निघायची. एकदोनदा त्यानं करून पाहिलं, मग बोटं पँटला पुसली आणि पुन्हा कधी तोंडात घातली नाहीत.

त्या शिट्टीचं सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

लहानपणी रात्री कोल्हे मारायला निघालो की दिवा माझ्याकडे असायचा. आई पिकअप हाकायची, धाकटा भाऊ फर्ग तिच्या शेजारी घोंगडीत गुंडाळलेला, आणि मागच्या उघड्या हौद्यात बाबा आणि मी उभे. बाबाकडे बंदूक, माझ्याकडे गाडीच्या बॅटरीला जोडलेला भलामोठा सर्चलाइट. थंडीनं नाक गळायचं आणि ते पुसायला हात मोकळा नसायचा. मी दिव्याचा झोत कुरणावरून हळूहळू फिरवायची, आणि काळोखातून डोळे उजळायचे. मेंढ्यांचे हिरवट, थंड, डझनावारी. सशाचे गुलाबी. कांगारूंचे तांबूस आणि उंचावर. गवतात कोळी असले तर त्यांचेही, दवासारखे बारीक. आणि कोल्ह्याचे डोळे. ते दिव्याकडे एकदाच बघतात, चमकतात, विझतात, आणि जिथे तुम्हाला वाटत नाही तिथे पुन्हा पेटतात. मला ते आवडायचे. मारायचे असले तरी आवडायचे.

आमच्या गाडीवर एक नियम होता. दिवा धरणाऱ्यानं जनावराचं नाव घ्यायचं, आणि बंदूकवाल्यानं ते ऐकल्याशिवाय खटक्याला बोट लावायचं नाही. ज्यानं बघायचं त्यानंच मारायचं, हे बाबाला पसंत नव्हतं. "हातात बंदूक असली की माणसाला जे हवं तेच दिसतं," तो म्हणायचा. म्हणून तो विचारायचा, "काय आहे?"

"कोल्हा."

"मागे काय आहे?"

"टेकडी." म्हणजे चुकलेली गोळी मातीत रुतेल.

आणि मला ओळखता आलं नाही, तर मी म्हणायचं, "नाव नाही." एवढं म्हटलं की बंदूक खाली. का, कसं, नीट बघ, असं काहीही बाबानं कधी विचारलं नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या दोन शब्दांवर मोठा माणूस बंदूक खाली घेतो, याचा मला फार अभिमान वाटायचा. पुढे नोकरीत माझ्या शब्दाला तेवढी किंमत कुणी दिली नाही.

नाव घेतल्यावरही बाबा लगेच मारत नसे. आधी ती शिट्टी मारायचा. ती आमच्या कुत्र्यांची थांबायची शिट्टी. नुसत्या आमच्याच नव्हे, आमच्या बाजूला सगळेच मेंढपाळ थांबण्यासाठी एकच लांब शिट्टी वापरतात. जनावर कुणाचंही कुत्रं असलं तर जिथे असेल तिथे पोट टेकून बसेल. कोल्हा बसत नाही. तो फार तर क्षणभर थबकून मान वळवतो, आणि तेवढ्यात बाबाचं काम व्हायचं. पण निम्म्या वेळा कोल्हा थबकतही नसे. शेपटी दाखवून निघून जायचा.

यावरून सगळा माळ त्याची टर उडवायचा. शेजारच्या कुरणाचा नॉर्म पॅस्को तर सगळ्यांच्या पुढे. कुंपणापाशी भेटला की म्हणायचा, "लिंडसे, पुढच्या वेळी कोल्ह्यांना चिठ्ठी पाठव रे. शिट्टीनं झोपमोड होते त्यांची."

"तुझ्या कुत्र्यासाठीच मारतो मी शिट्टी," बाबा म्हणायचा. "तुला बुद्धी नाही, त्याला तरी जगू दे."

नॉर्म हसायचा, पण या बोलण्याच्या मुळाशी काय आहे ते त्यालाही ठाऊक होतं. बाबा पोरवयात असताना आमच्या आजोबांनी दिव्याच्या उजेडात पॅस्कोंचं कुत्रं कोल्हा समजून मारलं होतं. लोकरीच्या पोत्यात घालून ते त्यांच्या दारी नेलं, तेव्हा पोत्याचं दुसरं टोक बाबानं धरलं होतं. त्यानंतर दोन्ही घरं एकाच चर्चमध्ये कितीतरी वर्षं वेगवेगळ्या बाजूंना बसली. बाबा आणि नॉर्म मोठे झाले, एकत्र लोकर कातरायला जाऊ लागले, तेव्हा कुठे ते मिटलं.

मी माहेरी आले त्या वर्षी मार्चमध्ये नॉर्म वारला. त्याची बायको अल्मा आणि त्याची कुत्री टिली मागे राहिल्या. टिली मेंढ्या वळणाऱ्या केल्पी जातीची, तांबडी, कान उभे, शेपूट झुपकेदार. दिवसाउजेडीसुद्धा पाहुणे दचकायचे. नॉर्म असताना ती त्याच्या पायांत असायची. तो गेल्यावर ती अल्माचं खायची, पण ऐकायची नाही. मेंढ्या व्यायला लागल्या त्याच आठवड्यात रात्री गारा पडल्या. पत्र्यांच्या आवाजानं टिली बिथरली आणि साखळीसकट पळाली.

अल्मानं सगळीकडे शोधलं. मग आमच्याकडे करतात तेच केलं. नॉर्मचा जुना कोट तिनं सामाईक कुंपणावर टाकला. हरवलेलं कुत्रं मालकाचा वास धरून कोटापाशी येऊन बसतं, निदान तशी आशा असते. कोट तिथे वाऱ्यानं हलत राहिला. दुरून पाहिलं की नॉर्मच कुंपणाला टेकून उभा आहे असं वाटायचं. आई त्या बाजूला बघायचं टाळायची.

"सापडेल गं," मी अल्माला म्हटलं. ती हेटीला मांडीवर घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसली होती.

"सापडली तरी कुठल्या दशेत," ती म्हणाली. "मी काही तिच्यासाठी रडत बसलेले नाहीये, हं. पण घरात पाऊल टाकलं की तो कुठेय म्हणून विचारणारं अजून कुणीतरी होतं. आता मीच एकटी विचारते." आणि हेटीच्या टोपीची गाठ तिनं सोडून पुन्हा बांधली.

तेवढ्यात फर्ग आत आला. हातात मेलेलं कोकरू, जीभ आणि शेपूट खाल्लेली. अल्मा बसलेली पाहून त्यानं ते पाठीमागे धरलं.

"लपवू नकोस," अल्मा म्हणाली. "कोल्ह्याचं काम आहे. मी काय आजची आहे का इथे?"

रोज सकाळी असं एखाददुसरं सापडत होतं. कळप आता फर्गच्या हातात होता, आणि त्याचा हा पहिलाच हंगाम. बाबा खिडकीशी बसून सगळं बघायचा आणि काही बोलायचा नाही. फर्गला ते न बोलणंच टोचत होतं. म्हणून त्यानं थर्मल दुर्बिणी घेतल्या. एक बंदुकीवर बसवायची, आणि एक छोटी, नुसती हातात धरून बघायची. अंगातली ऊब पांढरी दिसते, बाकी सगळं करडं. दिवा नको, डोळे नकोत, कुणाची सोबतही नको.

"आता दिवा धरायला कुणी लागत नाही," त्यानं जेवताना सांगितलं. "एकटा माणूस बास."

बाबानं मटणाचा तुकडा कापता कापता सुरी थांबवली. "नाव कोण घेणार?" त्यानं विचारलं. शब्द जड होते, पण समजले.

"मीच घेणार. मनातल्या मनात."

"आणि शिट्टी?"

"बाबा, तुझ्या शिट्टीनं जेवढे कोल्हे वाचले तेवढे सरकारनं पाळले नसतील."

आई हसली, मीही हसले. बाबानं मटण संपवलं, पाठ करून चहा प्याला आणि झोपायला गेला. दार लागल्यावर आई माझ्याकडे वळली.

"तू एवीतेवी रात्रभर जागीच असतेस. ती छोटी दुर्बीण घे आणि व्हरांड्यात बस. घराखालचं सगळं कुरण तिथून दिसतं. याच्या गाडीत बोलायचा रेडिओ आहे, तसाच एक तुझ्यापाशी ठेव. तू बघ, हा मारेल."

"आई, मला खरंच गरज नाही," फर्ग म्हणाला.

"तुला नाहीये रे. मला आहे," आई म्हणाली.

अशी मी पुन्हा दिवा धरायला बसले. दिवा नव्हता एवढंच. बाबाचा लोकरीचा मोठा कोट अंगावर, त्याच्या आत हेटी दुधाला लागलेली, एका हातात दुर्बीण आणि कोटाच्या खिशात आवाज बारीक केलेला रेडिओ. फर्ग खाली फाटकाशी पिकअपच्या उघड्या हौद्यात असायचा, घराकडे पाठ करून, तोंड टेकडीकडे. हे मात्र त्यानं बाबाचंच उचललं होतं.

पहिल्यांदा दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा मला कसंतरीच झालं. खरं सांगायचं तर ते सुंदर होतं. मेंढ्यांची लोकर ऊब बाहेर पडू देत नाही, त्यामुळे त्यांचं धड काळपट दिसायचं आणि तोंडं नि पाय पांढरे. जणू मुखवटे घालून कुणी चवड्यांवर चाललंय. नुकतं जन्मलेलं कोकरू मात्र ओलंचिंब आणि ऊन, सगळ्या कुरणात सगळ्यांत जास्त उजळ. ते उभं राहायला धडपडायचं, पडायचं, पुन्हा उठायचं, आणि मी हेटीला आणखी जवळ घ्यायची. पण डोळे कुणालाच नव्हते. हिरवे, गुलाबी, तांबूस, सगळे गेले होते. त्या दुर्बिणीत कुणी तुमच्याकडे वळून बघत नाही.

"झोपलीस का गं, रो?" रेडिओत फर्ग कुजबुजायचा.

"हेटी झोपू देईल तर ना."

"तिला रेडिओ दे, मी समजावतो."

"तू आधी स्वतःला समजाव. डुलक्या घेतोयस. इथून तुझं डोकं दिसतंय, चांगलं पांढरंशुभ्र. ऊब आहे, अक्कल आहे की नाही ते या यंत्रात कळत नाही."

दोन रात्री कोल्हा आम्हाला दिसलाच नाही. तिसऱ्या रात्री तळ्यावरून धुकं वर चढलं. धुक्यात थर्मलचं चित्र मऊ पडतं. कडा विरघळतात, कान आणि शेपूट धडात मिसळतात. जवळच्या मेंढ्या समजत होत्या, टेकडीच्या पायथ्याशी मात्र नुसते पांढरे ठिपके हलत होते. फर्गनं आज आवरतं घ्यावं असं मला वाटत होतं. पण त्या सकाळी जुळ्यांपैकी एक कोकरू गेलं होतं, आणि तो आवरणार नव्हता.

हेटी निम्मी झोपेत दूध ओढत होती. तेव्हा मला ते दिसलं. टेकडीच्या बाजूनं एक लहान, सखल आकृती कुरणात उतरली. चाल हलकी, दुडकी. मेंढ्यांनी तोंडं वर केली. सगळे पांढरे मुखवटे एकाच दिशेला.

"आला," फर्ग म्हणाला. आवाजावरून कळलं, त्याचा गाल बंदुकीला लागलाय.

"थांब."

"दिसतोय मला. कान उभे आहेत."

"दिसतायत, की असतील असं वाटतंय?"

मी दुर्बीण डोळ्याला घट्ट लावली. आकृती थांबली, खाली काहीतरी हुंगलं, खाल्लं. तिथे संध्याकाळी एक मेंढी व्याली होती. वार पडली असेल. कोल्हे वार खायला येतात, आणि मग कोकरांकडे वळतात. सगळं जुळत होतं. पुन्हा ती चालू लागली. आणि मला काहीतरी खुपलं. कोल्हा मेंढ्यांमधून जातो. सरळ, घर आपलंच असल्यासारखा, या मेंढीच्या पुढून, त्या मेंढीच्या मागून. हे जनावर मेंढ्यांना लांबून वळसा घालून चाललं होतं. कडेकडेनं, मोठं अर्धं वर्तुळ काढत, कळप विस्कटू न देता.

"रो, नाव सांग," फर्ग म्हणाला. तो चेष्टेत म्हणाला की मनापासून, मला कळलं नाही. पण किती वर्षांनी कुणी मला ते विचारलं होतं.

"नाव नाही," मी म्हटलं.

"काय?"

"नाव नाही, फर्ग. बंदूक खाली घे."

"अगं, कोल्हा आहे तो. मी घेतो नाव."

"टिली हरवलीये."

"टिली हरवून आठवडा झाला. ती हमरस्त्याकडे पळाली, अल्मा स्वतः म्हणाली. आणि समोर आहे तो कोकराकडे चाललाय. तिथे नुकतंच जन्मलेलं एक आहे, बघ."

बघत होते मी. त्या धुक्यातही ते कोकरू दिव्यासारखं चमकत होतं, आणि आकृतीचा वळसा त्याच्याच बाजूला येत होता. तो कोल्हा असेल आणि मी शिट्टी मारली, तर तो गेला. आज येणार नाही, उद्याही या बाजूला फिरकणार नाही, दुसरीकडून येईल. फर्गच्या तीन रात्री पाण्यात, आणि सकाळी पुन्हा हातात मेलेलं कोकरू घेऊन बाबाच्या खिडकीखालून जाणं. मला ते दिसत होतं. आणि लोकरीचं पोतंही दिसत होतं, एका टोकाला फर्ग आणि दुसऱ्या टोकाला मी, अल्माच्या दारात.

"मी शिट्टी मारते," मी म्हटलं.

"रो, नको. रो, ऐक—"

मी दुर्बीण मांडीवर ठेवली. उजव्या हातात हेटीचं डोकं होतं, म्हणून डावी बोटं तोंडात घातली. बाबानं मला उजव्या हातानं शिकवलं होतं. पहिल्यांदा हवाच निघाली. मी ओठ ओले केले, जीभ मागे दुमडली, आणि एक लांब, सरळ शिट्टी मारली. दम संपेपर्यंत.

ती धुक्यातून गेली, टेकडीवर आपटली आणि परत आली.

हेटी दचकली. दूध सोडून तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे गोल करून, रडायचं की नाही हे ठरवत. घरामागे साखळ्या खळखळल्या आणि एकदम गप्प झाल्या. आमची सगळी कुत्री आपापल्या झोपायच्या पिंपाशी आडवी झाली होती.

"गेला," रेडिओत फर्ग म्हणाला. "दिसेनासा झाला. मिळालं समाधान?"

मी दुर्बीण उचलली. आकृती नव्हती. मेंढ्या होत्या, कोकरू होतं, धुकं होतं. मी जिथे ती शेवटची पाहिली तिथे बघत राहिले. मग गवताच्या मुळाशी एक लांबट, चपटा, पांढरा डाग दिसला. हलत नव्हता.

"गेला नाही, फर्ग," मी म्हटलं. "बसलाय."

रेडिओत बंदुकीचा बोल्ट मागे ओढल्याचा आवाज, गोळी काढून घेतल्याचा, हौद्यातून खाली उतरल्याचा. दुर्बिणीत मला माझा भाऊ दिसला, उंच आणि पांढरा, हात अंगापासून लांब धरून चालत जाणारा. तो डागापासून काही अंतरावर थांबला आणि उकिडवा बसला. डाग तसाच. मग फर्गनं काहीतरी म्हटलं असावं. डागाला पाय फुटले, आणि दोन पांढऱ्या आकृत्यांची एक झाली.

माझ्या मागे व्हरांड्याचं दार उघडलं. बाबा पायजम्यावर, एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. त्याच्या मागे आई दुसरा बूट हातात घेऊन.

"कोण बसलं?" बाबानं विचारलं.

झटक्यानंतर इतकं स्पष्ट तो काही बोललाय असं मला आठवत नाही.

"टिली," मी म्हटलं. आणि मग मला रडू आलं. हेटीला आलं नाही, मलाच आलं.

बाबा खांबाला धरून खाली कुरणाकडे बघत राहिला, जिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. मग त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "थोडी चढी लागली," तो म्हणाला. "शेवटी खाली यायला हवी होती. पण ठीक."

टिली गाडीतून आली तेव्हा तिच्या गळ्यात साखळीचा तुटका तुकडा होता आणि फासळ्या हातानं मोजता येत होत्या. पायात काटे भरले होते. फर्गनं तिला कोकराच्या खोक्याशेजारी ठेवलं. तिनं कोकराकडे पाहिलं, कोकरानं तिच्याकडे पाहिलं, आणि दोघांनीही एकमेकांत रस घेतला नाही. फर्ग चुलीशी बसून तिचे काटे काढत होता.

"माझं बोट खटक्यावर होतं गं," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "सेफ्टी काढलेली होती. तू 'नाव नाही' म्हणालीस तेव्हा काढलेलीच होती."

"पण दाबलं नाहीस."

"का ते मला माहीत नाही."

बाबानं त्याच्यासमोर चहाचा मग ठेवला आणि स्वतःचा घेऊन शेजारी बसला. पाठ न करता. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला, त्यानं बाहीनं पुसला आणि प्यायला. "ऐकलेलं असतं लहानपणी," तो फर्गला म्हणाला. "आईच्या शेजारी. घोंगडीत."

सकाळी आईनं फोन केला, पण अल्मा निघाली होती. तिनंही रात्री शिट्टी ऐकली होती. उजाडल्याबरोबर कुंपणावरचा कोट काढून अंगात घालून ती चालत आली. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. टिली लंगडत दारापर्यंत गेली, कोटाच्या खिशात तोंड खुपसलं आणि तिथेच ठेवलं. अल्मानं बाही मागे सारून तिचं डोकं धरलं.

"लिंडसे," ती मग म्हणाली, "शिट्टी तू मारलीस असं मला वाटलं. मी नॉर्मला हाक मारून सांगायला निघाले होते, की लिंडसेची शिट्टी परत आली."

"पोरीची," बाबा म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं.

"हे मी त्याला कधीतरी सांगेन," अल्मा म्हणाली. "चिडेल. तुझ्या शिट्टीवरून त्यानं तुला आयुष्यभर छळलं."

कोल्हा पुढच्या आठवड्यात मिळाला. धुकं नव्हतं, मी नाव घेतलं, मागे टेकडी होती, आणि शिट्टीवर तो थबकला. त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते टिली सापडली त्याच दिवशी दुपारचं. टिली अल्माबरोबर गेली होती, ऊन पडलं होतं, आणि मी हेटीला घेऊन मागच्या दारी बसले होते. फर्ग आला, बाबाच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "शिकव."

"आता?" बाबा म्हणाला. "लहान होतास तेव्हा शिकवलं तर जीभ चावून रडलास."

"आता चावत नाही."

मग ते दोघं अंगणात उभे राहिले, माझा उंच भाऊ आणि माझा वाकडा बाप, दोन दोन बोटं तोंडात घालून. फर्गच्या तोंडून हवा. बाबाच्या तोंडून हवा. पुन्हा हवा. बाबा त्याच्या कोपराला धक्का द्यायचा, हनुवटी वर करायचा, जीभ बाहेर काढून कशी दुमडायची ते दाखवायचा, आणि दोघं पुन्हा नुसतेच फुंकायचे. हेटी माझ्या खांद्यावरून वळून वळून बघत होती. साखळीवरची कुत्री कान टवकारून उठून उभी राहिली होती. तरुण कुत्री एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. आवाज येत नाहीये, मग काय करायचं ते त्यांना कळेना.

फक्त बॉस, आमचा सगळ्यांत म्हातारा, ज्याला एव्हाना ऐकूही येत नव्हतं, बाबाची बोटं तोंडाशी गेलेली बघून हळूच पोट टेकून बसला.